वाफताई आणि चाळीस प्रश्न

रुग्णालयाच्या तळघरात एक विभाग आहे. शस्त्रक्रियेची अवजारं तिथे धुतली जातात, तपासली जातात, ट्रेमध्ये मांडून दुहेरी कागदात बांधली जातात आणि मग दाबाच्या वाफेत घातली जातात. मशीनमधून निघालेलं पाकीट हाताला जरा जरी ओलं लागलं तरी ते परत जातं. परत म्हणजे अगदी पहिल्यापासून. उघडायचं, धुवायचं, भिंगाखाली धरायचं, पुन्हा बांधायचं, पुन्हा वाफ. ‘थोडंसंच दमट आहे’ हे वाक्य त्या तळघरात कोणी उच्चारत नाही, कारण ते वाफताईंच्या कानावर जाईल.

वाफताई तिथे एकोणीस वर्षं आहेत. वय बावन्न, बांधा लहान, आवाज त्याहून लहान. खरं नाव हजेरीच्या यादीत आहे, पण वरच्या मजल्यावरचे डॉक्टरसुद्धा फोनवर ‘वाफताईंना द्या’ असंच म्हणतात. कात्रीच्या सांध्यात अडकलेला केसाएवढा धागा त्यांना दिसतो. विभागातल्या चष्मेवाल्या सहकाऱ्याचं म्हणणं असं, की ताईंनी त्याच्याकडे दोन मिनिटं रोखून पाहिलं तर त्याला स्वतःलाच परत धुतल्यासारखं वाटतं.

जुन्या मशीनला काटे होते. काटा इथे आला म्हणजे वाफ चढली, तिथे आला म्हणजे उतरली. दोन वर्षांपूर्वी नवं मशीन आलं, त्याला पडदा होता आणि पडद्यावर इंग्रजी वाक्यं येत. चाळीस-पन्नास वाक्यं ताईंनी चेहरेपट्टीवरून ओळखायला शिकून घेतली, जशी आपण रोजच्या वाटेवरची माणसं ओळखतो. अनोळखी वाक्य आलं की त्या मशीनला हात लावत नसत. वर फोन करत, इंजिनिअर यायला चाळीस मिनिटं लागत, तोवर शस्त्रक्रिया खोळंबे. वर्षभरात असं नऊ वेळा झालं. मग परिपत्रक निघालं. मशीनवर काम करणाऱ्या प्रत्येकाने इंग्रजी वाचून समजण्याची परीक्षा द्यायची. चार उतारे, चाळीस प्रश्न, एक तास. चोवीस गुणांना पास. जो नापास होईल त्याची बदली चादरी धुण्याच्या विभागात. पगार तोच राहणार होता. मशीन राहणार नव्हतं.

परीक्षेला दहा आठवडे होते. ताईंचं शिक्षण दहावीपर्यंतचं आणि त्यातही इंग्रजी म्हणजे पुढच्या वर्गात ढकलण्यापुरतं. चष्मेवाल्याने त्यांना एक हजार शब्दांची यादी आणून दिली. तो स्वतः पदवीधर होता आणि त्याच परीक्षेला बसणार होता. “ताई, शब्द पाठ असले की उतारा आपोआप समजतो,” तो म्हणाला. यादी अकारविल्हे होती. ताईंनी काम हाती घेतलं की ते क्रमानेच होतं. रोज वीस शब्द, आदल्या दिवशीच्या वीस शब्दांची उजळणी, त्यात एक जरी चुकला तर त्या दिवशीचे नवे वीस नाहीत. तीन आठवड्यांत त्या इंग्रजीच्या चौथ्या अक्षरापर्यंत पोचल्या.

घरी त्यांची नणंद राहते. नवऱ्याची थोरली बहीण, वय पासष्ट, लग्न केलेलं नाही. टपाल छाटणीच्या कार्यालयात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेली. समोर लाकडी खणांची भिंत, हातात पत्रांचा गठ्ठा, आणि मिनिटाला चाळीस पत्रं योग्य खणात. भाजीची पिशवी रिकामी करतानाही त्या बटाटे आणि कांदे न बघता वेगवेगळ्या टोपल्यांत टाकतात. यादी त्यांनी एका दुपारी उचलून पाहिली.

“डी पर्यंत आलीस म्हणजे?”

“हो वन्सं.”

“उतारा डी पर्यंतच येईल असं कुणी लिहून दिलंय का तुला?”

त्याच आठवड्यात रुग्णालयाने सराव परीक्षा घेतली. ताईंनी तासाभरात अकरा प्रश्न सोडवले. त्यातले नऊ बरोबर आले. बाकीचे एकोणतीस कोरे. मेट्रनबाईंनी कागद परत देताना फक्त एवढंच म्हटलं, “अकरातले नऊ बरोबर, म्हणजे वाचता येतंय. पण या चालीने तुम्हाला परीक्षेला साडेतीन तास लागतील.”

तो कागद नणंदेने जेवणाच्या टेबलावर ठेवला, मनगटावरचं घड्याळ काढून शेजारी ठेवलं आणि एक जुना उतारा पुढे सरकवला. “वाच. मी नुसती बघते.”

सहा मिनिटं त्या खरोखर नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, “तू वाचत नाहीयेस. तू मागे मागे चालली आहेस. तिसऱ्या ओळीवरून पहिलीवर कितव्यांदा आलीस?”

“शब्द अडला की परत सुरुवातीपासून घेते.”

“का म्हणून?”

“का म्हणजे? ट्रेमधल्या एका चिमट्याची शंका आली, तर बाकीचे बरे आहेत म्हणून ट्रे पुढे पाठवतात का? सगळा ट्रे परत घ्यायचा असतो.”

“अगं बाई, हा ट्रे नाही. चोवीस ओळींचा कागद आहे. यातले पाच शब्द गंजके निघाले तरी कुणी पेशंट दगावत नाही.”

घोडं नेमकं इथे अडलं होतं. एकोणीस वर्षांत जी सवय लोकांचे जीव सांभाळत होती, तीच सवय ताईंना तिसऱ्या ओळीच्या पुढे जाऊ देत नव्हती. नणंदेने आपली पद्धत सांगितली. छाटणीच्या खोलीत कोणी पत्ता वरून खाली वाचत नाही. नाव, घर, गल्ली, त्याच्याशी काय देणंघेणं? शेवटची ओळ आधी, म्हणजे कुठल्या गावाचा खण ते कळतं. तसं इथे प्रश्न आधी वाचायचे. काय शोधायचंय ते ठरलं, की मग उताऱ्यात शिरायचं. परिच्छेदाची पहिली ओळ नीट, बाकीवर नजर फिरवायची, आणि हवं ते दिसलं की थांबायचं. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ मारायची आणि पुढे चालू लागायचं.

“म्हणजे शितावरून भाताची परीक्षा,” ताई म्हणाल्या. “आमच्याकडे प्रत्येक शीत उचलून बघतात.”

“म्हणून तुमच्याकडे भात गार होतो.”

ताईंचा नवरा शाळेची बस चालवतो. दुपारची फेरी संपवून तो साडेचारला घरी आला, तर टेबलावर कागद, घड्याळ, दोन बायका आणि चहाचं नाव नाही. “तुमच्या या कारभारात मी कुठल्या खणात?” त्याने विचारलं.

“पत्ता अपुरा, पाठवणाऱ्याकडे परत,” बहीण म्हणाली. त्याने स्वतःच चहा ठेवला, आणि पुढचे सहा आठवडे साडेचारचा चहा त्याच्याकडेच राहिला.

वेगाचा प्रश्न महिन्याभरात निम्मा सुटला. तो सुटला मशीनमुळे. एका फेरीला बावन्न मिनिटं लागतात. आधी आतली हवा काढली जाते, मग वाफ चढते, ठरावीक वेळ टिकते, उतरते आणि शेवटी सुकवणी. मशीनसमोर काचेची लहान खोली आहे, तिथे बसून पडद्यावर लक्ष ठेवायचं असतं. मेट्रनबाईंनी तिथे उतारे वाचायला परवानगी दिली, नजर दर दोन मिनिटांनी वर गेली पाहिजे या अटीवर. ताईंनी फेरीचेच टप्पे पाडून घेतले. वाफ पुरती चढेपर्यंत पहिला उतारा संपला पाहिजे. वाफ उतरायला लागली की दुसरा मिटायचा. सुकवणीत तिसरा आणि चौथा. सुरुवातीला त्या वाफ उतरून गेली तरी पहिल्याच उताऱ्यात असत. महिना संपता संपता सुकवणी सुरू होताना त्यांनी तिसऱ्या उताऱ्याचा कागद पुढे ओढला. चष्मेवाल्याने ते काचेतून पाहिलं आणि यादीबद्दल पुन्हा विषय काढला नाही.

मग हात धुण्याचा प्रसंग आला. सरावाचा एक उतारा होता, कुठल्याशा उपाहारगृहातल्या स्वच्छतेवरचा. त्यात लिहिलं होतं, तिथले कामगार वीस सेकंद हात धुतात. प्रश्न होता, कामगार किती वेळ हात धुतात? ताईंनी चाळीस सेकंदांवर खूण केली.

“उताऱ्यात काय लिहिलंय?” नणंदेने विचारलं.

“वीस लिहिलंय. पण ते चूक आहे. आमच्या नळावर चाळीसचा तक्ता आहे.”

“तुला कुणी विचारलं हात किती वेळ धुवावेत?”

“हेच तर विचारलंय.”

“नाही. तिथले लोक किती वेळ धुतात, असं विचारलंय. या कागदावर काय आहे एवढंच सांग.”

“वन्सं, वीस सेकंदांत बोटांच्या बेचक्यासुद्धा होत नाहीत.”

“हे बघ. चौतीस वर्षांत माझ्या हातून किती पत्रं गेली, देव जाणे. त्यातल्या निम्म्यांत खोटंनाटं असणार. कुणी लिहिलं असेल मी मजेत आहे, आणि नसेल. मी पाकीट उघडून त्यात दुरुस्ती केली का? लिहिलंय तिथे पाठवायचं. तू या उताऱ्याची मालकीण नाहीस. पोस्टमन आहेस.”

ताईंना ते पटलं नाही. त्यांनी पुढचा उतारा सोडवला, पण वीस सेकंदांवर खूण करण्याआधी समासात बारीक अक्षरात ‘४०’ लिहून ठेवलं. पुढे ती सवयच झाली. जिथे उतारा आणि त्यांचा अनुभव यांचं जमत नसे, तिथे समासात आपलं म्हणणं टिपायचं आणि उत्तरात कागदाचं म्हणणं द्यायचं. भांडण समासात गेलं आणि गुण मिळायला लागले.

सगळ्यात मोठी अडचण मात्र कोऱ्या जागांची होती. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते. तरी ताई खात्री नसलेला प्रश्न कोरा सोडत. त्यांना चोवीसच्या आसपास पोचायला आठ-दहा गुण कमी पडत, आणि कोऱ्या जागा त्याच्या दुप्पट असत. नणंदेने डोक्याला हात लावला.

“अक्षर लागत नाही म्हणून पत्र टेबलावर ठेवून कुणी घरी जातं का? त्यातल्या त्यात बरा वाटेल त्या खणात टाकायचं. चुकलं तर परत येईल.”

“तुमचं पत्र परत येतं. माझं पाकीट परत येत नाही, ते कुणाच्या तरी पोटात जातं. एकोणीस वर्षांत मी अंदाजाने एक चिमटासुद्धा वर पाठवलेला नाही.”

“हे पोट नाही गं.”

“मला माहीत आहे हे पोट नाही. हाताला माहीत नाही.”

नणंदेने घड्याळ परत मनगटावर चढवलं, ताईंनी कागद मिटले. नवऱ्याने चहा आणून ठेवला, दोघींकडे पाहिलं आणि बसची काच पुसायची आहे म्हणून बाहेर गेला. काच त्याने सकाळीच पुसली होती.

तोडगा दुसऱ्या दिवशी ताईंना स्वतःलाच सापडला, कामावर. धुऊन आलेल्या कात्र्या त्या भिंगाखाली बघत होत्या. चाळीस कात्र्यांच्या ढिगातून चांगल्या कात्र्या त्या कधीच शोधत नाहीत. वाईट शोधतात. बोथट बाजूला, सैल बाजूला, डाग असलेली बाजूला. जे उरतं ते पुढे जातं. चांगलं ओळखायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. नापास करणं शिकवलं होतं, आणि त्यात त्यांचा हात धरणारा तळघरात कोणी नव्हता.

दुपारी घरी येऊन त्यांनी टेबलावर कागद ओढला आणि बरोबर उत्तर शोधणं बंद केलं. चार पर्यायांकडे त्या आता चार कात्र्यांसारख्या बघत होत्या. हा उताऱ्यात कुठेच नाही, नापास. हा निम्मा खरा आहे पण त्यात ‘नेहमी’ असं घुसडलंय, नापास. हा दुसऱ्याच परिच्छेदातला आहे, नापास. पर्याय वाचून झाले की एक उरे, कधी दोन. दोन उरले तर जो कमी संशयास्पद, त्यावर खूण. याला अंदाज म्हणायला त्या तयार नव्हत्या. “तपासणीतून उरलेला माल,” असं त्यांनी नणंदेला सांगितलं.

“काहीही म्हण,” नणंद म्हणाल्या, “पण पर्यायापुढचा गोळा काळा कर.” त्या दिवशी चाळीसातले बावीस आले. एकही जागा कोरी नव्हती.

परीक्षा वरच्या प्रशिक्षणाच्या खोलीत झाली. पंधरा माणसं, एकेक बाक सोडून. ताई वेळेआधी वीस मिनिटं आल्या. त्यांनी आपला बाक खिशातल्या रुमालाने पुसला, मग शेजारचाही. पहिला उतारा काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यावर होता, दुसरा दीपगृहाच्या दिव्यावर. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघण्याऐवजी त्या मनातल्या मनात मशीन चालवत होत्या. वाफ चढली. वाफ टिकली. दीपगृहाच्या उताऱ्यात सात शब्द अडले. सातांखाली रेघा पडल्या आणि पेन्सिल पुढे गेली. तिसरा उतारा शहरातली झाडं मोजण्यावर होता. त्यात लिहिलं होतं, मोजणारे लोक झाड एकदाच बघून नोंद करतात. ताईंनी समासात लिहिलं, ‘दोनदा बघायला हवं’, आणि ‘एकदा’वर खूण केली.

चौथा उतारा स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचा. तो सर्वांत लांब होता आणि सुकवणी अर्ध्यावर आली होती. नऊ प्रश्न झाले. शेवटचा चाळिसावा प्रश्न असा होता, की लेखकाचा या पक्ष्यांविषयीचा सूर कोणता? चार पर्याय, चार शब्द. एकाचा अर्थ रागाचा. उताऱ्यात राग कुठेच नव्हता, नापास. एकाचा कंटाळ्याचा. कंटाळलेला माणूस एवढं लांब लिहीत नाही, नापास. उरलेले दोन शब्द ताईंनी जन्मात पाहिले नव्हते. दोन्ही डीच्या पुढचे होते.

पर्यवेक्षकांनी एक मिनिट उरल्याचं सांगितलं. इथे तपासायला काही उरलंच नव्हतं. दोन सारखीच बंद पाकिटं होती, आणि त्यातलं एक तपासल्याशिवाय वर पाठवायचं होतं. पेन्सिल दोन गोळ्यांच्या मध्ये काही सेकंद तशीच राहिली. चष्मेवाला दोन बाक मागे होता. त्याने नंतर सांगितलं, की ताईंची मान ताठ झालेली त्याला पाठीमागूनही दिसली. मग त्यांनी तिसरा गोळा काळा केला, पेन्सिल ठेवली आणि घंटा झाली.

निकाल बारा दिवसांनी तळघराच्या फलकावर लागला. चष्मेवाला तेहेतीस. वाफताई पंचवीस.

“एक जास्तच,” संध्याकाळी नणंदेने लगेच सांगून टाकलं. “शेवटचा तो गोळा चुकला असता तरी पास होतीस.”

“आणि आधीचे चार-पाच तसेच होते, त्यांचं काय?”

“पास झालीस ना?”

“झाले. पण कुठला बरोबर आला ते कळणार नाही. कागद परत देत नाहीत.”

“आता हे आयुष्यभर उगाळणार का?”

“आयुष्यभर नाही,” ताई म्हणाल्या. “थोडे दिवस.”

नवऱ्याने चहा आणला. आता परीक्षा संपली, तर हे काम कुणाकडे, असं त्याने विचारून पाहिलं. दोघींनी ऐकलं नाही.

त्यानंतर महिन्याभराने, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, नव्या मशीनची फेरी सुकवणीत थांबली आणि पडद्यावर कधी न पाहिलेलं वाक्य आलं. दोन ओळींचं. आत शस्त्रक्रियेचे दोन मोठे ट्रे होते. ताई उठून पडद्याजवळ गेल्या. दोन शब्द अडले. ते त्यांनी हातावर लिहून घेतले आणि वाक्य शेवटपर्यंत वाचलं. पाणी हळू उतरतंय, कशाची तरी तपासणी करा, एवढं लागलं. कशाची, ते अडलेल्या शब्दांत होतं.

मशीनबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक दोन वर्षं कपाटात पडून होतं. ताईंनी ते पहिल्या पानापासून उघडलं नाही. मागून उघडलं, जिथे शब्दांची सूची असते. हातावरचा पहिला शब्द सापडला, त्यापुढे पान एकसष्ट. एकसष्टाव्या पानावर चित्र होतं, मशीनच्या पोटाखालच्या एका गाळणीचं.

तेवढ्यात फोन वाजला. शस्त्रक्रियागृहातली सिस्टर होती.

“वाफताई, ट्रे कुठे आहेत? मशीन अडलं का?”

“अडलंय.”

“मग इंजिनिअरला फोन केलात का?”

“नाही.”

“मग काय करताय?”

“वाचतेय,” ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दाब शून्यावर येऊन मशीन गार होईपर्यंत त्यांनी एकसष्टावं पान दोनदा वाचलं. मग गाळणी बाहेर काढली. तिच्यात पाकिटांवरच्या चिकटपट्टीचे तुकडे आणि दोऱ्यांचा गुंता बसला होता. तो साफ केला, गाळणी भिंगाखाली धरून पाहिली, परत बसवली. मशीन तिसाव्या मिनिटाला सुरू झालं, इंजिनिअर यायला जो वेळ लागतो त्याच्या दहा मिनिटं आधी.

दोन्ही ट्रे मात्र वर गेले नाहीत. पाकिटं ओली होती. ताईंनी ती उघडली आणि काम पहिल्यापासून सुरू केलं.